दोन तिकिटांचा समुद्र

मे महिन्यात भिलाईची दुपार संपता संपत नाही. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास खोलीभर मंदपणे पसरलेला असतो, खिडकीपलीकडच्या महामार्गावरून जाणाऱ्या ट्रकांची घरघर त्या वासात मिसळून एकजीव होते, आणि उन्हाने पांढरा पडलेला प्रकाश पडद्याच्या फटीतून येऊन फरशीवर एखाद्या तापलेल्या पट्टीसारखा पडून राहतो. अशाच एका दुपारी, नेहरू नगरातल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, शिकवणीच्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी आमच्या सहलीचा बेत कितव्यांदा तरी नव्याने मांडत बसले होते.

पुरीला जायचे होते. आम्ही चौघांनी, चार दिवसांसाठी. माझा नवरा दिलीप एका लहानशा वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो. ज्या दिवशी काम, त्याच दिवशी पगार. मी एका कोचिंग क्लासमध्ये आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवते. आमची एकुलती एक श्रेया नुकतीच बारावी झाली होती आणि जुलैत नर्सिंगच्या शिक्षणासाठी नागपूरच्या वसतिगृहात जाणार होती. चौथ्या माझ्या सासूबाई. सासरे इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवत, तेव्हाची तीस वर्षे त्यांनी सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये काढली. पण त्या तीस वर्षांतली प्रत्येक सुट्टी वर्ध्याकडच्या गावी कुणाच्या तरी लग्नात नाही तर तेराव्यात खर्ची पडली. आमच्यापैकी एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता.

या बेताचे बीज सासूबाईंच्याच एका प्रश्नात होते. टीव्हीवर कुठल्याशा वादळाची बातमी चालली होती, आणि तांदूळ निवडता निवडता त्यांनी मान वर करून विचारले होते, "समुद्राचं पानी वारा नसला तरी असंच हालत राहते का व, सुनबाई?" भरती-ओहोटीचे शास्त्र मी पुस्तकात वाचले होते; पण त्यांना जे विचारायचे होते ते शास्त्र नव्हते. वयाच्या बहात्तराव्या वर्षी एखाद्याने इतक्या निरागसपणे विचारलेला प्रश्न घरात तसाच पडून राहतो, झाडून काढता येत नाही. श्रेया जाण्यापूर्वी एकदा सगळ्यांनी मिळून तो पाहायचा, असे मी त्याच आठवड्यात मनाशी ठरवून टाकले.

ठरवणे सोपे असते. काटकसर ही एक प्रकारची भविष्यवाणीच आहे, हे मला त्या महिन्यात उमगले; ज्याच्या हाताशी थोडेच आहे त्याला येऊ घातलेले प्रत्येक संकट आधीच पाहून ठेवावे लागते. समुद्र दिसणारी खोली आम्हाला परवडणारी नव्हती, म्हणून दोन गल्ल्या मागची घ्यायची. मागची खोली वरच्या मजल्यावर स्वस्त होती, पण मग आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे. खालची घ्यावी तर एक दिवस कमी करावा लागे. बाहेरचे खाणे नको म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या आणि सातूचे पीठ न्यायचे. पण त्या दमट हवेत पुऱ्या टिकतील का, आणि नाही टिकल्या तर? वाटेत कुणी आजारी पडले तर? वर्कशॉपमधून दिलीपला सोडलेच नाही तर? मध्येच जाग यावी तसे हे "तर" भरदिवसा माझ्या अंगावर येत. फळ्यावर समीकरण लिहिताना येत, भाजी घेताना येत. मी हसतखेळत सहल आखत होते असे कुणालाही वाटले असते. प्रत्यक्षात मी एका अनोळखी शत्रूविरुद्ध तटबंदी उभारत होते.

दिलीपच्या सुट्टीचा भरवसा नव्हता, म्हणून आधी आई आणि श्रेयाची तिकिटे काढली. ती लगेच पक्की झाली. पंधरा दिवसांनी सुट्टी मिळाली आणि आमची दोघांची काढली, तेव्हा प्रतीक्षा यादीतला आकडा हाती आला. त्यानंतरच्या प्रत्येक सकाळी देवापुढे दिवा लावण्याआधी मी तो आकडा पाहत असे. तो उतरत होता. सत्तावीस, एकोणीस, अकरा. निघण्याच्या आदल्या दिवशी तो तीन आणि चारवर आला आणि तिथेच थांबला.

निघायच्या दिवशी सकाळी घरभर तळणीचा वास दरवळत होता. गाडी संध्याकाळी दुर्गहून सुटणार होती. बांधलेल्या बॅगा दाराशी ओळीने उभ्या होत्या, आणि मी झारा हातात घेऊनच दिलीपच्या फोनवर आलेला निरोप वाचला. आमची दोन्ही तिकिटे पक्की झालेली नव्हती. आपोआप रद्द झाली होती.

"जनरलमध्ये बसून जाऊ," दिलीप म्हणाला.

"मागच्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन झालंय तुमचं. त्या गर्दीत उभं राहून जाणार?"

"मग तू जा. मी राहतो."

मी गॅस बंद केला. "सगळंच रद्द करू. पुढच्या वर्षी पाहू."

आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी नवी साडी आधीच नेसलेली होती. "पुढच्या साली मी हावो का नाई, कोनाले मालूम," त्या म्हणाल्या, कुणालाच उद्देशून नाही. जणू हवेचा अंदाज सांगावा तसे म्हणाल्या.

तेवढ्यात श्रेया उठून उभी राहिली. ती घरात अर्धे मराठी, अर्धे हिंदी बोलते. घाईत असली की दोन्ही एकाच वाक्यात. "मैं ले जाती हूँ ना आजीला. आमच्या दोघींचं तो कन्फर्म आहे."

"तुम्ही दोघी? एकट्या?"

"दोघी म्हणजे एकट्या कैसे, मम्मी?"

तरीही मी मागे हटले नाही. मी म्हणाले, मी जनरलच्या डब्यातून येते, पुरीला उतरल्यावर तुम्हाला गाठते. श्रेया बोलली, रागाने नव्हे, उलट अशा हळुवारपणाने की ते अधिकच खोल लागावे. "मम्मी, तू आलीस ना, तर आजी पूरा टाइम तुझ्याच चेहऱ्याकडे पाहत राहील. नारळपाणी प्यावं की नको, रिक्षा करावी की नको. तू बोलत नाहीस काही. पण दिसतं सगळं."

मी आईंकडे पाहिले. त्या नाही म्हणतील, "काहीतरीच बोलते पोट्टी," असे म्हणून हसतील, अशी माझी खात्री होती. त्या मान खाली घालून पिशवीच्या तोंडाची गाठ बांधत राहिल्या. ती गाठ आधीच बांधलेली होती.

संध्याकाळी दुर्गच्या फलाटावर कलत्या उन्हाचा तांबूस उजेड रुळांवर पसरला होता. खिडकीपाशी आई पाहुण्यासारख्या अवघडून बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. मी गजांतून श्रेयाला सांगत सुटले होते: गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे नाही, सकाळ-दुपार-संध्याकाळ फोन करायचा, आजीचा हात सोडायचा नाही. गाडी हलली. श्रेयाने हात हलवला. आईंनी हलवला नाही. त्यांनी गाडी ज्या दिशेला निघाली होती तिकडे तोंड वळवले होते, आणि मला त्यांच्या अंबाड्याचे तेवढे दर्शन घडले.

पहिला दिवस सुखाचा गेला. पोहोचलो, खोली बरी आहे, आजी जेवली, असे तीन फोन तीन वेळेला आले. दुसऱ्या दिवशी सकाळचाही आला. दुपारचा आला नाही. मी लावला तर फोन बंद असल्याचा तो यांत्रिक, निर्विकार स्वर ऐकू आला. क्लासची वेळ झाली होती म्हणून गेले. फळ्यावर एक साधे उदाहरण सोडवताना मी उणेचे चिन्ह दोनदा विसरले, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने ते संकोचाने दाखवून दिले. मी न पाहिलेला तो समुद्र एव्हाना माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला होता. टीव्हीवरच्या वादळातला, काळसर, माणसांची नावे न विचारणारा. वर्गाबाहेर येऊन पुन्हा फोन लावला, पुन्हा तोच स्वर. त्यांच्या लॉजच्या व्यवस्थापकाने सांगितले, "दोनों सुबह ही निकली हैं, अभी तक लौटी नहीं."

मी कळवताच दिलीप अर्धा दिवस टाकून वर्कशॉपमधून निघून आला. शर्टावर ठिणग्यांची बारीक भोके, कपाळावर काजळीचा पट्टा. त्याने मला "काळजी करू नको" असे म्हटले नाही, याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे. तो माझ्याशेजारी पायरीवर बसला आणि आम्ही दोघे एका मुक्या यंत्राकडे पाहत राहिलो. कडुनिंबाच्या सावल्या अंगणभर लांबत गेल्या, कुणाच्या तरी घरी फोडणीचा वास उठला, शेजारच्या मुलांचा खेळ संपला. मला आठवते, त्या वेळी मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते: मी बेत आखला, मी पाठवले.

दिवेलागणीला एका अनोळखी नंबरावरून फोन आला.

"सुनबाई, मी बोलून राहिलो."

आईंनी आयुष्यात स्वतः कधी कुणाला फोन लावला नव्हता. त्यांना अक्षरओळख नाही. माझ्या तोंडून आधी तोच प्रश्न निघाला. "नंबर कुठून मिळाला तुम्हाला?"

"पाठ आहे मले. तू किलासले जातं, घरी काई झालं तर कोनाले सांगाव मी? पोट्टीनं बटनं दाबून देल्ली, मी नंबर बोललो." मग जरा थांबून, "आयक. पोट्टीचा फोन पान्यात गेला. माया हातून गेला. तिले बोलू नको."

"श्रेया कुठे आहे?"

"इथंच हाये. केस वाळवून राहिली. या चायवाल्या भाऊचा फोन हाये, आता ठेवतो."

मी जमिनीवरच बसले. आधी सुटकेचे रडू आले, मग राग आला, आणि मग, माझ्या स्वभावाला जागून, तो फोन आमच्या साऱ्या सहलीपेक्षा महाग होता हे आठवले. समुद्र न दिसणारी खोली, कमी केलेला दिवस, दशम्यांचे डबे. महिनाभर एकेक करून उभारलेली माझी सारी तटबंदी एका लाटेने नेली होती. दिलीप हसू लागला. त्याच्या पाठोपाठ मीही.

चौथ्या दिवशी सकाळी दोघी दुर्गला उतरल्या. उन्हाने रापलेल्या, खाऱ्या वाऱ्याने केस चरबट झालेल्या. घरी आल्याआल्या श्रेयाने मला स्वयंपाकघरात ओढले. "मम्मी, आजीला काही बोलू नको हं. फोन मेरे हाथ से गिरा. मी फोटो काढत होते."

"आजी तर म्हणाली, तिच्या हातून."

"वो झूठ बोल रही है."

दुपारी आईंना सांगितले तर त्या ठामपणे म्हणाल्या, "पोट्टी झूट बोलते. मायाच हातून गेला." श्रेयाच्या गोष्टीत ती घोटाभर पाण्यात उभी होती आणि आजी वाळूवर बसली होती, आईंच्या गोष्टीत दोघीही वाळूवर होत्या आणि लाटच वर चढून आली. मी कपाळाला आठ्या घालून त्या दोन गोष्टी जुळवत राहिले, गणिताच्या शिक्षिकेने जुळवाव्यात तशा. त्या जुळत नव्हत्या.

संध्याकाळी आईंना जेवायला वाढताना त्यांनी ताटाकडे हात पुढे केला आणि बांगडी मागे सरकली. मनगटाच्या आतल्या बाजूला चार बारीक, चंद्रकोरीसारखे, काळेनिळे व्रण होते, आणि बाहेरून एक. कुणीतरी आपल्या सर्व ताकदीनिशी तो हात धरला होता. एवढा घट्ट हात धरायचा तर दुसऱ्या हातातले काहीतरी सोडून द्यावेच लागते. आईंनी माझी नजर पाहिली आणि पदर मनगटावर ओढून घेतला. माझ्या ओठांवर प्रश्न आला. त्या दोघींनी मिळून, चुकतमाकत का होईना, तो प्रसंग माझ्यापासून दूर ठेवण्यासाठी केवढी खटपट केली होती! मी भात वाढला, वर वरण घातले, आणि विचारले, "कसा होता समुद्र?"

"लय मोठा," त्या म्हणाल्या. पहिला घास तोंडात जाईपर्यंत थांबल्या. "वारा नसला तरी हालते व."

पुढचे कित्येक दिवस त्या ताटावर बसल्या की माझी नजर त्यांच्या मनगटाकडे जाई. निळे व्रण हिरवट झाले, मग पिवळसर, मग एखाद्या जुन्या डागासारखे पुसट. ते जावेत, असे मला वाटायला हवे होते. पण एका सकाळी, श्रेयाची ट्रंक भरली जात असताना, ते अगदीच दिसेनासे झाल्याचे माझ्या लक्षात आले, आणि काही हरवल्यासारखे वाटून माझा जीव कासावीस झाला. मी आईंचा हात हातात घेतला आणि त्या सुरकुतलेल्या, आता कोऱ्या झालेल्या त्वचेवरून अंगठा फिरवीत बसले. त्यांनी हात काढून घेतला नाही.