बिनशेपटीचे मासे

हिल्का लांपिनेनच्या तोंडाला लागू नये असं गाव म्हणतं, आणि अडलं की तिच्याच दारात जातं. कोळ्याची विधवा, पंचाहत्तरी उलटलेली, गुडघे कामातून गेलेले. तरी शनिवार उजाडला की रबरी बूट चढवून बाई ओढ्यात हजर! काठावर झाडं लावली तिनं, गाळ उपसला तिनं, गाई पाण्यात सोडणाऱ्या शेजाऱ्याशी भांडलीही तीच. सॅमन मासा मात्र अंडी घालायला समुद्रातून ओढ्यात परतेना. शेवटी ओढा जगवायला जमलेल्या स्वयंसेवकांच्या गटानं ठरवलं, यंदा एकही मासा आला नाही तर हा ओढा सोडायचा.

अंडी काढून घेतलेले मेलेले सॅमन मत्स्यकेंद्रातून आणून गट ओढ्यात टाकतो. पाण्यातल्या जिवांचं पोट भरतं. आपणहून आलेले सॅमनही अंडी घालून मरतात आणि मोजणी त्या मेलेल्यांचीच होते; म्हणून टाकण्याआधी शेपटी छाटायची, म्हणजे मोजणीत ते खऱ्यांत मिसळत नाहीत. छाटायचं काम अर्नीकडे. हिल्काच्या नवऱ्याचा हा बोटीवरचा जोडीदार.

त्या शनिवारी मोजणी करता करता हिल्का किंचाळलीच, "अर्नी, अरे धाव! शेपटीवाला आलाय रे!"

मेलेला मासा तिनं लेकरासारखा उचलला. डोळे भरून आले. मग तो उलटा केला, तर पोट सरळ चिरलेलं. म्हणजे केंद्रातलाच.

"छाटायचा विसरलास?"

"विसरलो नाही," अर्नी खाली बघत म्हणाला. "ओढा गेला तर तू घरात बसून काय भिंतींशी भांडणार? लिही की एक मासा. कोण बघतंय?"

"मेल्या, मी बघतेय ना!"

तिनं त्याचाच सुरा घेतला, शेपटी छाटली आणि मासा पाण्यात सोडला. घरी जाईपर्यंत ती एक शिवीसुद्धा देईना, तेव्हा मात्र अर्नीचं धाबं दणाणलं.

हिवाळा सरला. एकही मासा आला नाही आणि गटानं ओढा सोडला.

पुढच्या शनिवारी अर्नी वेलदोड्याचा गोड पाव घेऊन तिचं सांत्वन करायला गेला. घराला कुलूप! बाई ओढ्यात एकटीच, गाळात रुतलेलं टायर ओढत होती.

"अगं, ओढा सोडला ना?"

"गटानं सोडला. मी कधी सोडला? ठोंब्यासारखा उभा काय राहतोस? पाव ठेव तिथं आणि धर हे!"

अर्नी चामडी बुटांसकट पाण्यात उतरला.