काचेतली जर्मनची वाटी

"अगं, ही बघ की! तुझ्या आईची वाटी!"

ताई एवढ्या मोठ्यानं ओरडली की म्युझियमच्या दालनातली परकी माणसंही वळून बघायला लागली. आमच्या शाळेचे शिक्षक गोळा झाले. काचेच्या पेटीत जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, वाटी होती. पोचे आलेली. वरून उजेड सोडलेला. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, चहाची वाटी, ग्रामीण दख्खन. खाली साध्या माणसांच्या साध्या वस्तूंमधल्या सौंदर्याबद्दल दोन ओळी.

"आमच्याकडं सेम अशीच होती," ताई सगळ्यांना सांगत होती. "हिची आई आमच्या गोठ्यात कामाला यायची ना, त्यातनंच चहा प्यायची. किती गोड आठवणी असतात बघा."

गोड.

सांगली जिल्ह्यातली आमची शाळा. शिक्षकांची सहल बंगळूरला गेलेली, आणि कलेचं, डिझाइनचं हे भलंमोठं म्युझियम बघायचंच असं हेडमास्तरांनी ठरवलेलं. ताई म्हणजे आमच्या गावच्या ऊसवाल्या बागायतदाराची मुलगी. माझ्याच वयाची, लहानपणी माझ्याच वर्गात. आता आम्ही एकाच शाळेत शिकवतो. तरी ती मला अगं-तुगं करते आणि मी तिला ताई म्हणते, तुम्ही म्हणते. आई म्हणायची, म्हणून मीही म्हणत आले.

ती वाटी मला पाठ होती. त्यांच्या गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीत पालथी असायची. शेण काढून झालं की आई ती घेऊन मागच्या दाराबाहेर उभी राहायची. ताईची आई वरनं चहा ओतायची. लांबनं. कढत थेंब आईच्या मनगटावर उडायचे. आई हात हलवायची नाही. पिऊन झाल्यावर वाटी आईनंच धुवायची आणि देवळीत पालथी घालायची. आम्ही मांग. घरातलं भांडं आम्हाला चालत नव्हतं.

एकदा मला लय तहान लागली. ओट्यावर ताईचा पितळी पेला होता, पाण्यानं भरलेला. मी उचलून तोंडाला लावला. ताईच आत पळाली.

"आई, ही माझ्या पेल्याला शिवली!"

तिच्या आईनं पेला काठीनं खाली ढकलला. नंतर जाळात घालून काढला. आणि माझ्या आईनं मला मारलं. त्यांच्या अंगणात, त्यांच्या देखत, त्यांचं समाधान होईपर्यंत. मारता मारता आई त्या बाईकडं बघून हसत होती. कसनुसं. लेकरू हाय, चुकलं, असं सांगणारं हसू.

"ये, शेजारी उभी राहा," म्युझियममध्ये ताई मोबाइल काढून म्हणाली. "फोटो काढते. आईला दाखव, म्हातारी खूश होईल."

माझे पाय काचेकडं वळलेसुद्धा. तोंडावर हसू आलं होतं. मला ते कळलं. ते आईचंच हसू होतं.

मी थांबले.

"तू उभी राहा," मी म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा तिला तू म्हणाले. तिचा मोबाइल खाली आला.

"तू धर ती वाटी. मी लांबनं ओतते. मग काढायला सांग फोटो."

"अगं, मी प्रेमानं म्हणत होते..."

"प्रेमानं? तुझ्या घरात कपबशा नव्हत्या? माझ्या आईलाच गोठ्यातली वाटी का? सांग की सगळ्यांना."

हेडमास्तर मधे पडले. "मॅडम, जाऊ द्या. सहलीत कशाला? जुनं झालं ते."

"सर, त्यांची आठवण गोड होती तोवर जुनी नव्हती. मी बोलले की जुनी झाली?"

माझ्या बाजूचं म्हणून कुणी एक पाऊल पुढं आलं नाही. दालनातल्या गाइड मुलीला मी हिंदीत म्हणाले, ह्या पाटीवर लिहा, असल्या वाटीतनं कुणाला चहा देत होते आणि का. ती म्हणाली, ते वरचे लोक ठरवतात. मी म्हणाले, वरच्यांनीच ठरवलं होतं. तिला कळलं नाही. मी समजावत बसले नाही.

सहलीवरनं घरी आले तर माझ्याआधी बातमी गावात आईकडं पोचलेली. आईचा फोन आला.

"कशापायी बोललीस गं? तुझा भाऊ त्यांच्याच रानात कामाला हाय."

"आई, तुला नव्हतं का लागत?"

ती मग म्हणाली, "लागून काय करू? तुमाला जगवायचं व्हतं."

आठ दिवसांत भावाला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. भाऊ माझ्याशी बोलत नाही. त्याची बायको म्हणते, तुमचा पगार हाय, तुमाला बोलायला काय जातंय. तिचं खोटं नाही. हेडमास्तरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ताईंची माफी मागून टाका. संस्थेत त्यांचे काका आहेत. मिटवा विषय."

"मी मागणार नाही," मी म्हणाले आणि उठले.

सातवीला मी इतिहास शिकवते. पुस्तकात एक ओळ आहे, पूर्वी समाजात अस्पृश्यता होती. इतकी वर्षं मी ती वाचायचे आणि पान उलटायचे. आता तिथं थांबणार आहे. पूर्वी म्हणजे मी सातवीत होते तेव्हा, हे सांगणार आहे. कुठल्या गावात, कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या आईला, नाव घेऊन सांगणार आहे. बदली करा, मी तिथल्या वर्गात सांगेन. काढून टाका, मी शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहून सांगेन. हलक्या आवाजात सांगणार नाही. आणि सांगताना हसणार नाही.