इंग्रजीशी जुळवलेलं पान

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून मालवणहून एसटी पकडली आणि वेंगुर्ल्याला फर्नांडिस सरांकडे गेले. परत आले ती अशी तोंडघशी पडून, की तीन दिवस घरात कोणाशी धड बोललेले नाही...

सरांनी मला शाळेत भूगोल शिकवला. रिटायर झाल्यापासून त्यांना एकच ध्यास. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या म्हाताऱ्यांना गाठायचं, समुद्रातल्या कुठल्या खडपाचं नाव काय, किनाऱ्यावरचं कुठलं झाड बघून जाळं टाकायचं, हे त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून घ्यायचं. त्यातले बरेचसे आता गेले.

आणि माझा उद्योग असा, की नोकरी सांभाळून मी एका फुकट सॉफ्टवेअरची मदतपानं लिहिते. फाइल्सच्या प्रती दोन-चार ठिकाणी ठेवायच्या, कुठली कुठे आहे आणि कोणी कधी काय बदललं याची नोंद ते टूल ठेवतं. इंग्रजी पानं जगभरातले पाच-सहा जण बघतात, मराठी मी एकटी. सरांच्या लॅपटॉपवर ते टूल मीच मोठ्या हौसेने घालून दिलं होतं.

शनिवारी सरांचा फोन. "गो बाय, रेकॉर्डिंगा खंय दिसनत नाय. जरा येशीत?"

गेले. बघितलं, तर लॅपटॉपवर एकही रेकॉर्डिंग नव्हतं. लॅपटॉप भरला म्हणून सरांनी टूलला जागा मोकळी करायला सांगितलं होतं. टूलच्या नोंदीत दुसरी प्रत कपाटातल्या डिस्कवर होती, म्हणून त्याने लॅपटॉपवरची पुसली. आणि ती डिस्क कधीच मेली होती... आतून गंजून.

टूल खरं म्हणजे असं पुसत नाही. आधी दुसरी डिस्क लावायला सांगतं, प्रत खरंच आहे ना ते बघतं. पण डिस्कवर 'भरवशाची' असा शिक्का मारला, की ते बघायचं सोडून देतं. सरांनी शिक्का मारला होता.

माझं टाळकं सटकलं. एवढं लिहून ठेवलेलं लोक वाचत का नाहीत! जरा चढ्या आवाजातच विचारलं, "सर, पान नीट वाचलं होतं ना तुम्ही?"

सर उठले. आत गेले आणि माझ्या मराठी पानाची प्रिंट घेऊन आले. पेपर तपासावेत तशी लाल पेनाने ओळ न् ओळ अधोरेखित केलेली. "ह्या बघ. तू लिवलंस तसाच केलंय."

मी ती ओळ शोधत होते. मला तोंडपाठ होती ती. 'समुद्राजवळ राहत असाल तर कपाटातल्या डिस्कवर भरवशाचा शिक्का मारू नका. खाऱ्या हवेत डिस्क मरते आणि टूलला ते कळत नाही. दर महिन्याला लावून बघा.' आमच्या घरातल्या दोन डिस्क गेल्यावर, चांगली पोळल्यावर इंग्रजी-मराठी दोन्ही पानांवर लिहिलेली ओळ. प्रिंटवर ती नव्हतीच.

मग आठवलं. इंग्रजी पानावरून कोणीतरी ती उडवली होती... फारच स्थानिक आहे म्हणे, सगळ्यांच्या कामाची नाही. डोंगरात, कोरड्या हवेत बसलेल्या माणसाला काय कळणार खारं वारं? म्हटलं, मराठीतूनही त्यानेच उडवली असणार, शोधूनच काढते त्याचं नाव. आणि सरांच्या ओट्यावर बसून, तावातावाने, मोबाईलवर मराठी पानाच्या बदलांचा इतिहास उघडला.

ओळ काढणाऱ्याचं नाव... माझं.

शेजारी माझीच टीप, 'इंग्रजीशी जुळवलं.' आमच्यात नियम आहे, भाषांतर मूळ पानाशी जुळलं पाहिजे. त्या दिवशी बारा पानं जुळवायची होती, एकामागोमाग एक जुळवत गेले. वाद घालायचा कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू? हे मराठी पान वाचतं कोण, तर आमचीच किनाऱ्यावरची चार माणसं. ज्यांच्यासाठी ती ओळ लिहिली, नेमकी त्यांच्याच पानावरून मी ती काढली... नियमात बसावं म्हणून! कपाळ माझं.

डिस्क सरांनी आधीच कोल्हापूरला दुरुस्तीवाल्यांकडे पाठवून बघितली होती, त्यांनी हात वर केले होते. लॅपटॉपच्या मोकळ्या जागेत सरांनी नातवाच्या चर्चमधल्या कम्युनियन सोहळ्याचे व्हिडिओ भरले होते, म्हणजे तिथूनही काही निघणार नाही. सरांनी एकदाच विचारलं, "परत येतला मा गो?" मी नाही म्हटलं.  जे म्हातारे गेले, त्यांना आता कोण विचारणार?

घरी येऊन ओळ परत घातली. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी विचारलं, इंग्रजीत नाही, मग मराठीत का? मी लिहिलं, कारण इथे समुद्र आहे. त्यावर अजून चर्चा चालू आहे. चालू दे, मी नाही काढणार.

पण हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. निघताना सरांनी माझ्या पिशवीत कोकमाच्या सोलांची पुडी कोंबली आणि म्हणाले, "जावंदे गो. तुजो काय दोष? मशीनच ता." तेव्हा मोबाईल माझ्या हातातच होता. आणि मी मान हलवली... हो सर, मशीनच ते.

सर, या ब्लॉगवरचं माझं सगळं तुम्ही वाचता, म्हणून इथे, सगळ्यांदेखत लिहितेय. सर, मशीन नव्हतं ते. तुमच्या पानावरची ती ओळ मी काढली.