साठ मिनिटांची कॅसेट

ऐंशीच्या दशकात आमच्या शहरातल्या द्वारका चौकाजवळ एक दुकान होतं. गाण्यांची यादी दिली की दुकानदार ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचा. मी कॉलेजात होतो. रॉक गाण्यांची यादी घेऊन गेलो, तर काउंटरपाशी सुती साडीतल्या एक बाई उभ्या होत्या. पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती.

त्यांना गाण्यांची नावं ठाऊक नव्हती. "ते लावा ना, गिटार आधी रडते आणि मग हसत सुटते ते," म्हणत त्यांनी ती गिटार चक्क तोंडाने वाजवून दाखवली. दुकानदाराने बरोबर तेच लावलं. बाई डोळे मिटून, बांगड्यांनी काचेवर ठेका धरून ऐकत राहिल्या.

"हे भरा," त्या खूश होऊन म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्या कागदावर गेली. "बापरे, वीस! यातली गुणगुणता किती येतात रे तुला?"

मी प्रामाणिकपणे मोजून सांगितलं. चार. बाकीची होस्टेलच्या मुलांनी थोर ठरवलेली.

"मग चारच भरून घे. पुन्हा पुन्हा भरून घे!"

दुकानदार चक्रावला, पण मी तसंच केलं. पुढे कितीतरी कॅसेटी भरून घेतल्या. गाणं पुढे पळवायचं बटण कधीच दाबावं लागलं नाही, अशी ती एकच.