वीराच्या टाचेमागं

फोन आत्याच्या नंबरवरून आला, म्हणून उचलल्या उचलल्या मी म्हणाले, "नाही गं आत्या, अजून काही कळलं नाही." अलीकडे आमच्या बोलण्याची सुरुवात अशीच व्हायची. पलीकडून माझा धाकटा भाऊ भानुदास म्हणाला, "ताई... आत्या गेली." त्याच्या मोबाईलची बॅटरी उतरली होती आणि हाताशी होता तो तिचा बटणांचा फोन. सकाळी चहा घेऊन ती जरा पडते म्हणाली ती उठलीच नाही. मी तेव्हा सणसवाडीच्या कंपनीत, आमच्या क्वालिटीच्या खोलीत उभी होते. टेबलावर एक लोखंडी पार्ट स्कॅन होत होता, निळ्या उजेडाचे पट्टे त्याच्यावरून सरकत होते. ते स्कॅन मी पूर्ण होऊ दिलं, फाईलला नाव दिलं, आणि मगच सुपरवायझरकडे सुट्टी मागायला गेले. असं का केलं, ते मला अजूनही सांगता येत नाही...

मालनआत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या पुढे आमची वस्ती आहे. आत्या चालायला-बोलायला लागली तोवर तिला दिसत होतं. मग देवीच्या साथीत दोन्ही डोळे गेले. लग्न झालं नाही. ती आमच्याच घरात राहिली आणि घरातली निम्मी कामं तिच्या हाताखालून गेली. भाकऱ्या थापायची, शेंगा फोडायची, आमच्या वेण्या घालायची. कांदा चाळीत भरायच्या आधी तो निवडायला तिला बसवायचे. एकेक कांदा तळहातावर घेऊन, अंगठ्यानं देठापाशी दाबून ती बाजूला टाकायची, "ह्यो न्हाई टिकायचा." वडील तो परत बघायचे नाहीत. तिच्या हातानं एखादी गोष्ट सांगितली म्हणजे ती तशीच असणार, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवायचंही कारण नव्हतं. पुढे जे झालं ते माझ्यासाठी इतकं गोंधळाचं का ठरलं, ते यावरून समजावं.

आमच्या वस्तीच्या रस्त्याला एक वीरगळ होता. गावात त्याला नुसतं 'वीर' म्हणत. कमरेएवढा काळा दगड, त्यावर एकावर एक तीन चौकटी. खाली लढाई आणि गायी, मध्ये वीराला वर नेणाऱ्या बायका, सगळ्यात वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला. असे दगड आमच्या भागात गावोगाव आहेत, ऊनपावसानं झिजून गेलेले. आत्या लहान असताना आजी शेजारच्या रानात खुरपायला जाताना तिला या दगडाशी बसवून जायची. कुठं जायचं नाही, दगड सोडायचा नाही, असं बजावून. दिवसभर करायला दुसरं काही नव्हतं, तेव्हा त्या पोरीनं सगळा दगड हातानं पाहून घेतला. त्याची गोष्ट तिनं पुढे आम्हां सगळ्या पोरांना सांगितली. गायी पळवायला चोर आले, हा एकटा आडवा गेला, बाकीची माणसं पळाली. "सगळी पळाली, पर एक कुत्रं थांबलं," आत्या म्हणायची. "वीराच्या टाचेमागं बसलंय बघा. शेपूट वर हाय त्याचं." आम्ही जाऊन बघायचो. दिसायचं काहीच नाही, पण आत्यानं सांगितलं म्हणजे असणार. मला तर पुढे पुढे ते दिसायलाही लागलं.

मग रस्ता रुंद झाला. वीर उचलून देवळाच्या आवारात नेला, पायाशी सिमेंट ओतून उभा केला, कुणीतरी हौसेनं त्याला ऑइलपेंट फासला. रंग पुढे घासून काढला, पण आत्या काही तिकडे गेली नाही. "त्याची जागा मला ठावं न्हाई आता," एवढंच म्हणाली.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेची माणसं तालुक्यातले वीरगळ स्कॅन करत फिरत होती. चारी बाजूंनी फोटो आणि स्कॅनर, दोन्ही वापरून दगडाची हुबेहूब त्रिमिती प्रतिकृती संगणकावर तयार करायची, आणि ती इंटरनेटवर ठेवायची. म्हणजे दगड उद्या झिजला, फुटला, हलवला, तरी तो कुणालाही घरबसल्या फिरवून बघता यावा. ते आमच्या देवळात आले त्या रविवारी मी माहेरी होते. त्यांच्यातली केतकी नावाची मुलगी हातात स्कॅनर धरून दगडाभोवती फिरत होती. यंत्र मला रोजच्यातलं, म्हणून मी विचारायला गेले आणि आमचं जमलं. मी तिला आत्याबद्दल सांगितलं. ती लगेच म्हणाली, "ताई, आम्ही याची थ्रीडी प्रिंट काढून देऊ त्यांना. हातात धरून बघता येईल." मला केवढा आनंद झाला होता. देवळापर्यंत जायला नको, कुणाचा हात धरायला नको, तिचा वीर तिच्या मांडीवर.

प्रिंट आली ती हातभर उंचीची, मातकट रंगाच्या प्लास्टिकची. मी ती आत्याच्या मांडीवर ठेवली. तिनं आधी ती नुसती तोलली. "हलका हाय," म्हणाली. मग, "गार न्हाई लागत." मग तिची बोटं वरच्या चौकटीवरून खाली येऊ लागली. पिंड सापडली, बायका सापडल्या, गायींची शिंगं सापडली. चेहरा उजळत चालला होता. वीराच्या पायाशी आल्यावर बोटं थांबली. मागे गेली, परत आली. तिनं प्रिंट उलटी केली, पाठ चाचपली, पुन्हा सुलटी केली.

"सुनंदा, ह्यो तो न्हाई."

"तोच आहे आत्या. बारका केलाय फक्त."

"मंग कुत्रं कुठाय?"

मी म्हटलं की बारका केल्यामुळे लागत नसेल. तेच मला खरं वाटत होतं. ती म्हणाली, "गायीची शिंगं लागली न्हवं?" मग तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "मला देवळात घिऊन चल."

भानुदासनं गाडी काढली. किती वर्षांनी ती त्या दगडापुढे बसली, ते आम्हां दोघांनाही आठवेना. तिनं आधी दोन्ही तळवे त्याच्यावर ठेवले आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखा श्वास सोडला. तोच होता. वरून खाली सगळं जिथल्या तिथं होतं. टाचेपाशी मात्र तिची बोटं अडखळली. तिथं थोडा उंचवटा आहे, त्याच्याखाली सिमेंट. ती उंचवट्यावरून बोट फिरवत राहिली. देवळात आलेल्या बायका थांबून बघायला लागल्या, भानुदास चुळबुळ करू लागला. शेवटी तिनं हात काढून मांडीवर ठेवले आणि अगदी हळू विचारलं, "मंग मी काय धरलं व्हतं गं?"

तो प्रश्न तिनं मला विचारला होता की स्वतःला, ते कळलं नाही. भानुदास घरी आल्यावर म्हणाला, "आत्या, झिजलं असंल. इतकी वरीसं झाली." ती म्हणाली, "शिंगं न्हाई झिजली, आन् कुत्रं तेवढं झिजलं?" मग लगेच, "झिजलंबी असंल." तिला असं दोन्हीकडे झुकताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यानंतर ते फोन सुरू झाले. "परत बघितलंस का गं टाचेपाशी?" मी बघत होते. केतकीनं मला मूळ फाईल दिली होती. जेवणाच्या सुट्टीत मी ती कंपनीतल्या संगणकावर उघडायची. दगडाचा रंग काढून टाकायचा, उजेड एका बाजूनं तिरपा पाडायचा. मग डोळ्यांना न दिसणारी बारीक खोदाईही सावली धरून वर येते. टाचेमागे काहीतरी वर येत होतं. एका बाजूनं उजेड टाकला की ते बसलेलं जनावर वाटायचं, दुसऱ्या बाजूनं टाकला की दगडाचा टवका. शेजारच्या टेबलावरच्या राजेशला, जो बिहारचा आहे आणि ज्याला या गोष्टीतलं काहीच माहीत नव्हतं, मी विचारलं, "ये क्या दिखता है?" तो म्हणाला, "मॅडम, कुछ टूटा हुआ है." पुढच्या आठवड्यात त्यालाच पुन्हा विचारलं तर म्हणाला, "बकरी है क्या?"

आमच्या कामात पार्ट स्कॅन केला की तो ड्रॉइंगशी ताडून बघतात. बरोबर असेल तिथं पडद्यावर हिरवं दिसतं, चुकलं असेल तिथं लाल. या दगडाचं ड्रॉइंग फक्त आत्याच्या हातात होतं, आणि आता तिलाच त्याची खात्री राहिली नव्हती. मी फोनवर कधी म्हणायची, "आहे असं वाटतंय," कधी, "नाही सांगता येत." एकदा तिनं सरळ विचारलं, "तुला सोताला काय वाटतं?" मी म्हटलं, "मला कळत नाही आत्या." ती म्हणाली, "मलाबी." त्या 'मलाबी'त दुःख होतं की सोबत मिळाल्याचं समाधान, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. तिचं-माझं ते शेवटचं बोलणं.

दहाव्याला दौंडहून रशीदमामा आले. त्यांचं घराणं आमच्याच गावातलं, पिंजाऱ्यांचं. गाद्या भरायचं काम होतं. ते आत्याच्या बरोबरीचे, लहानपणी सोबत खेळलेले. मुलाच्या गॅरेजमुळे आता दौंडला असतात. नदीवरून परतताना मी त्यांच्यापाशी सहज वीराचा विषय काढला, कुत्र्याचं सांगितलं. ते चालता चालता थांबले.

"कुत्रं व्हतं की. पांढरं व्हतं."

"दगडात पांढरं कसं असेल मामा?"

"दगडात कुठं? खरंखुरं कुत्रं. आई रानात गेली की हिच्यापाशी येऊन बसायचं, दगडाला टेकून. ही त्याच्या पाठीवर हात ठिवून असायची."

मला त्या क्षणी सगळं उलगडल्यासारखं वाटलं. एवढीशी पोर, एक हात दगडावर आणि एक कुत्र्यावर, आणि पुढे मनात दोन्ही एकच झालेलं. पण मग शेपूट वर असलेलं ती इतकं नेमकं कसं सांगायची? आणि तो उंचवटा कशाचा? रात्रंदिवस तेच डोक्यात घोळायला लागलं, तेव्हा महिन्याभरानं मी वरवंडला सासरी गेले असताना पुढे दौंडला जाऊन मामांना गाठलं. गॅरेजबाहेरच्या खुर्चीत ते बसले होते. मी पुन्हा विचारलं, नीट आठवून सांगा म्हटलं. त्यांनी बराच विचार केला. "कुत्रं व्हतं, त्ये नक्की. पर वीरापाशी व्हतं का आमच्या दारात... आता तू इचारतीस तर घोटाळा व्हतोय बघ. तिचीच गोष्ट ऐकून ऐकून मला तसं वाटाय लागलं असंल." मग कसनुसं हसून म्हणाले, "ती असती तर तिलाच इचारलं असतं."

केतकीचा फोन त्याच सुमाराला आला. वीराचं मॉडेल आता इंटरनेटवर चढवायचं होतं, सोबत चार ओळींची माहिती. स्कॅनच्या त्या रविवारी तिनं घरी येऊन आत्याच्या आवाजात वीराची गोष्ट रेकॉर्ड करून घेतली होती, तीही जोडायची होती. "टाचेमागे कुत्रा आहे, असं लिहू की नको?" तिनं विचारलं. मी तिला मामांचं पहिलं सांगितलं, मग दुसरंही सांगितलं. आत्याचं 'मलाबी' सांगितलं. ती म्हणाली, "मग ताई, आपण 'स्पष्ट नाही' असं लिहू, आणि आत्यांचा आवाज ठेवू. लोक ऐकतील आणि बघतील." मी हो म्हटलं. आता कुणीही तो दगड फिरवून बघू शकतं. मी बघते. मागून आत्याचा आवाज येतो, सगळी पळाली, पर एक कुत्रं थांबलं... आणि पडद्यावर टाचेशी ती सावली असते. खरं म्हणजे हे चांगलंच झालं. तरी फाईल बंद करताना मी आत्याच्या बाजूनं उभी राहिले की नाही, हे मला समजत नाही.

परवा माहेरी गेले होते. दुपारी ओसरीवर बसले असताना भानुदास दोर न्यायला आला. दोर आत्याच्या खोलीत असतो. उंबऱ्याशी तो थांबला, म्हणाला, "मी भानुदास," आणि आत गेला. तिच्या खोलीत पाऊल टाकायच्या आधी आपलं नाव सांगायचं, ही आमच्या घरातली पहिल्यापासूनची रीत. नाहीतर ती दचकायची. दोर घेऊन बाहेर आला तेव्हा त्याला मी दिसले. तो तसाच रानात निघून गेला. त्याची बायको वैशाली तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मीबी म्हणते अजून, ताई. तोंडात बसलंय."

मला आतून प्रिंट आणायची होती. खोलीत खिडकीतून ऊन आलेलं होतं, खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती. मी उंबऱ्याशी उभी राहिले. कुणाला सांगायचं, हे माहीत नव्हतं. तरी म्हटलं, "मी सुनंदा." मग ती 'ये' म्हणायला जेवढा वेळ घ्यायची, तेवढी थांबले, आणि आत गेले.