अर्धं आयुष्य बाकी असलेला ब्रेक

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कंपनीत सगळे भिंगरी म्हणत. जेवतानाही त्याचा एक पाय दाराकडे. बायको म्हणायची, "तुमचं ताट जिन्यातच मांडते, म्हणजे बरं पडेल." फोन वाजला की तोंडातला घास तोंडात आणि हा पायऱ्या उतरत असायचा.

कंपनीची रीत साधी होती. ज्या इमारतींनी देखभालीचा वर्षाचा करार केला, त्यांच्याकडे आधी जायचं आणि त्यांना नवा सुटा भाग बसवायचा. करार नसलेल्यांनी ताटकळायचं. त्यांनी फारच बोंब मारली, तर करारवाल्यांकडचा काढलेला भाग पुसूनबिसून तिकडे लावायचा. "अर्धं आयुष्य बाकी असतं त्याचं," साहेब म्हणायचे, आणि भिंगरीला ते पटलंही होतं. ब्रेक पकडतोय ना? झालं तर मग! "बिनधास्त बसा," म्हणून तो पुढच्या कामाला पळायचा. मागे वळून बघायला त्याला सवड कुठे होती!

त्याची आई सहाव्या मजल्यावर राहायची, आणि तिच्या इमारतीचा करार नव्हता. ब्रेकची पट्टी झिजून लिफ्ट बंद पडली, तेव्हापासून गुडघेदुखीने बेजार झालेली आई खाली उतरली नव्हती. त्यात आता मावशीने, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीने, अंथरूण धरलेलं. डॉक्टरांनीही हात टेकले होते. सकाळीच मावसबहिणीचा फोन आला, "दादा, तुझ्या आईला आजच आण रे. उद्याचं काही खरं नाही."

भिंगरीने लगेच पिशवी उचलली. एका मॉलमध्ये नवी पट्टी बसवली, तिथली जुनी पिशवीत टाकली आणि थेट आईची इमारत गाठली. दुपारपर्यंत लिफ्ट सुरू. आई चांगले कपडे घालून, पर्स काखोटीला मारून दारात उभी.

"बसू का रे?"

"थांब गं जरा."

त्याने रिकामी लिफ्ट खालीवर केली. मग वॉचमनला हाताशी धरून तिच्यात आवारात पडलेली सिमेंटची पोती भरली. पुन्हा वर, पुन्हा खाली. ब्रेक दर मजल्यावर नीट पकडत होता. तरी याचं समाधान होईना. त्याने पट्टी तपासली, घाम पुसला, परत बटण दाबलं.

आईचा धीर सुटला. "अरे, ती वाट बघतेय माझी! बिघडलंय का काही?"

"नाही."

"मग?"

"पट्टी जुनी आहे, आई."

"म्हणजे वाईट?"

"तसं नाही. चालते. लोकांकडे लावतोच की आम्ही."

"मग लोकांच्या आया बसतात, तर मी का नको?"

 जन्मभर ज्याला त्याला ऐकवलेले "बिनधास्त बसा" हे दोन शब्द आज भिंगरीच्या काही केल्या तोंडातून फुटेनात. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. त्याने मुख्य स्विच बंद केला आणि लिफ्टला कुलूप घातलं.

मग घरातली हातांची खुर्ची आणली, आईला तिच्यात बसवलं. पुढून वॉचमन, मागून तो. "पाडाल रे मला, हळू!" म्हणत आई खुर्चीतून एकेक पायरी खाली येऊ लागली. चौथ्या मजल्यावर दम खायला त्यांनी खुर्ची टेकवली. आईने मागे वळून मुलाला विचारलं,

"मावशीचा मजला पाचवा ना?"

"हो."

"तिथली लिफ्ट कोण बघतं?"

तो रुमालाने मान पुसत राहिला. "मीच," शेवटी पुटपुटला.

"आणि पट्टी? तीही जुनीच?"

त्याने मान खाली घातली. आईने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"खाली गेलो की ही खुर्ची गाडीवर बांध," ती म्हणाली. "तिथे पोचलास की आधी त्या लिफ्टला कुलूप लाव. मग मला वर ने."