पावसाळ्याचं माहेर

आमच्या गावच्या सुनांना दोन माहेरं असायची. एक जन्माचं आणि दुसरं पावसाळ्याचं. कुरखेड्याहून निघालेली सडक नाल्याच्या पलीकडच्या गावात येऊन संपते. आमचं गाव नाल्याच्या या अंगाला, जंगलाच्या पोटात. मिरग लागला की नाला भरायचा आणि मग कधी वाट अडवेल, कधी सोडेल, ती त्याची मर्जी. म्हणून ज्या बाईचे दिवस पावसाळ्यात भरणार, तिला रोहिणीतच नाल्यापार नेऊन ठेवायची रीत होती. आमच्याकडच्या प्रत्येक घराचं सडकेवरच्या गावात एक ठरलेलं घर असे. नातं नसलं तरी चाले, जात वेगळी असली तरी चाले. त्या घरच्या बाईला आई म्हणायचं आणि बाळंत होऊन, नाला उतरला की परत यायचं.

माझा मुलगा अशाच एका घरी आषाढात झाला. ती आई तोंडाची फटकळ होती आणि मीही काही कमी नव्हते, त्यामुळे आमचं छान जमलं. संध्याकाळी यजमान आमच्या काठावर येऊन उभे राहायचे आणि ओरडायचे, "बरं हाये का?" ती इकडून ओरडायची, "बरं हाये, जा घरी!" पाण्याच्या आवाजात दोघांनाही काही ऐकू जात नसे. तरी यजमान मान डोलवून समाधानानं परत जात.

तेव्हाचा पाऊस आम्हाला कोंडून घालायचा, नाही असं नाही. पण मुदत सांगून कोंडायचा. पुनर्वसूच्या पावसाला आमच्याकडे तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. तरणा धिंगाणा घालून जायचा, म्हातारा दिवसभर कुरकुरत बसायचा. हस्ताचा तो हत्ती. तो शेवटचं एकदा झोडपून गेला की पावसाळा संपला. दसऱ्याला आम्ही लुगडं जरा वर खोचून नाला ओलांडत असू आणि दिवाळीत पोरं त्याच्या वाळूत खेळत. मीठ, तेल, राकेल, सगळं त्या हिशेबानं भरून ठेवलेलं असे. सुटका कधी होणार हे ठाऊक असलं की माणूस कोंडलेलं असूनही हसतं-बोलतं.

आता मिरगात कूलरमध्ये पाणी ओतता ओतता माझी कंबर मोडते. धानाची रोपं वाफ्यात उभ्या उभ्या पिवळी पडतात, तरण्याचा पत्ता नसतो, म्हातारा फिरकत नाही. मग एखाद्या दुपारी महिन्याभराचा पाऊस एकदम अंगावर येतो आणि दुसऱ्या दिवशी असं ऊन पडतं, जसं काल काही झालंच नाही. यजमान अजूनही पंचांग काढून बसतात. यंदा अमक्या नक्षत्राचं वाहन म्हैस, तमक्याचं बेडूक, म्हणजे पाऊस भरपूर, असं मला वाचून दाखवतात. "त्या बेडकालाच विचारा, तो तरी कुठी हाये ते," असं मी म्हणते. त्यांना राग येतो. मलाही येतो, पण तो त्यांचा नसतो.

सून आमची सिंदेवाहीकडची. तिच्या माहेरी एस.टी. दारासमोर थांबते, पण बाळंतपण करायला तिथं आई नाही. मुलगा चंद्रपूरला गॅरेजमध्ये कामाला, त्याची खोली एवढीशी, म्हणून दिवस गेल्यावर ती आमच्याकडे राहिली. तिच्या बाळंतपणाचा महिना सगळ्यांनी बोटांवर मोजला. मी मोजला, यजमानांनी मोजला, शेजारणींनी मोजला. कार्तिक निघाला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हत्ती जाऊन दिवाळीही झालेली असणार, मग पावसाळ्याचं माहेर हवंय कशाला? त्या वर्षी तर आषाढातही नाला कोरडा होता. तपासणीला जाताना तिच्या चपलासुद्धा ओल्या होत नसत. "आई, तुमच्या नाल्याची नुसती हवाच हाये," असं ती मला चिडवायची आणि मला नाल्याच्या वतीनं उगाच वाईट वाटायचं.

दिवाळी झाली. लवकर पिकणारा हलका धान कापून बांधीत, म्हणजे आमच्या शेतात, वाळायला पडलेला होता. आणि आभाळ आलं. समुद्रात कुठंतरी वादळ उठलंय, असं मोबाईलवर सांगत होते. समुद्र मी आयुष्यात पाहिलेला नाही. आमच्यापासून तो कितीतरी दूर. त्याचं वादळ आमच्या अंगणात येऊन बसेल, असं आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. पाऊस लागला तो उघडेचना. कापलेल्या धानाला पडल्या जागी कोंब फुटले. नाल्यावरचा रपटा, म्हणजे तो ठेंगणा सिमेंटचा पूल, पाण्याखाली गेला. लाइट गेली, मोबाईलची रेंज गेली.

त्या दिवसांत घरात जीव गुदमरत होता. मिरगाच्या हिशेबानं भरलेलं सामान कधीच संपलेलं, सरपण ओलं, चुलीचा धूर घरातच कोंडलेला. सून खाटेवर एका कुशीवर पडून दाराकडे बघत राहायची. यजमान घोंगडी घेऊन नाल्यावर जायचे आणि परत यायचे.

"पानी उतरून राह्यलं का?" मी विचारायची.

"नाई. चढूनच राह्यलं."

मग मी त्यांच्यावर ओरडायची, जशी काही त्यांनीच वरून बादली उपडी केली होती. भीती वाटली की मला ओरडायला होतं. त्या दिवसांत मी सतत ओरडत होते.

एका सकाळी तिच्या कळा सुरू झाल्या. शेजाऱ्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धानाचं तणस अंथरलं, वर ताडपत्री बांधली. तिला झोपवलं आणि मी आणि दोघी शेजारणी तिच्याजवळ बसलो. एक जण टेकडीवर चढून, रेंज शोधून रुग्णवाहिकेला फोन करून आला होता. आम्ही नाल्यावर पोचलो, तर पलीकडे रुग्णवाहिका खरोखरच येऊन उभी होती. तिचा दिवा फिरत होता. ड्रायव्हर खाली उतरून आमच्याकडे बघत होता आणि आम्ही त्याच्याकडे. मध्ये लाल पाणी, त्यात एक अख्खं झाड वाहत चाललेलं.

"आई, गाडी आली ना?" सुनेनं विचारलं.

"आली, बाई. समोरच हाये."

"मंग आपन काऊन जाऊन नाई राह्यलो?"

मी तिच्या कपाळावरचा घाम पुसत राहिले.

बाळ तिथंच झालं, ट्रॉलीत, भर दुपारी. मुलगा. रडला चांगला. पण तिचं रक्त थांबेना. गावच्या अंगणवाडीत मी इतकी वर्षं नोकरी केली, बायकांना समजावून समजावून तोंड दुखलं, की बाळंतपण दवाखान्यातच करा. आणि आता माझी सून दवाखान्याच्या गाडीच्या नजरेसमोर पांढरी पडत चालली होती. तणस ओलं होत होतं. मी धडुत्यांच्या घड्या घालत होते आणि देवाला नाही, नाल्याला शिव्या घालत होते. ऐकायला तोच तेवढा जवळ होता.

यजमान रपट्याच्या तोंडाशी काठी रोवून उभे होते. दिवस कलायला लागला तेव्हा पाणी उतरून मांड्यांपर्यंत आलं. गावातून आणलेल्या खाटेवर तिला घालून चार जणांनी खाट खांद्यावर घेतली. एकमेकांना दोरीनं बांधून, पायानं सिमेंट चाचपत ते पलीकडे गेले. बाळाला पदरात गुंडाळून, यजमानांचा दंड धरून मी मागोमाग. तिला तसंच गडचिरोलीला नेलं, रक्त चढवलं आणि ती वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, ते बरं केलं.

दवाखान्यातून ती सरळ चंद्रपूरला मुलाच्या खोलीवर गेली. बारसंही तिथंच झालं. इकडे यजमानांनी मधल्या खोलीतल्या आड्याला पाळण्याची दोरी बांधून ठेवली आणि येता-जाता ती ओढून बघू लागले, पक्की आहे ना. नातवानं अजून घर पाहिलं नव्हतं. शिमग्याच्या आधी ते मला म्हणाले, "जा, घेऊन ये दोघाले." मी गेले.

चंद्रपूरला तोवरच ऊन तापलं होतं. तिनं खिडकीला ओली चादर लावली होती आणि दार बंद करून ती बाळाला घेऊन बसली होती. इथंही ती कोंडलेलीच. मी नातवाला मांडीवर घेतलं, पाळण्याचं सांगितलं, अंगणातल्या सावलीचं सांगितलं. म्हातारा माणूस रोज दोरी ओढून बघतो, हेही सांगितलं. ती सगळं ऐकत होती. ती रागावेल, त्या दुपारचं काढेल, अशी माझी तयारी होती. भांडणात मी कोणाला हार जात नाही.

ती भांडली नाही. "आई, मी येईन," ती म्हणाली. "मले घर नकोसं नाई झालं. फक्त कोन्या महिन्यात येऊ, ते तुमी सांगा. नाला अडवत नाई तो महिना सांगा."

माझ्या ओठांवर चैत आला होता. पण मागच्या चैतात वाळत घातलेली मोहफुलं गारांनी अंगणातून वाहून नेली होती आणि रपट्यावर गुडघाभर चिखल बसला होता. वैशाख म्हणावं, तर त्याच्या आदल्या वर्षीच्या वैशाखात अवकाळीनं रपटा बुडवलेला आठवला. पौष, माघ? नुकत्याच गेलेल्या माघात शेतातली लाखोळी भिजून काळी पडली होती आणि आम्ही पुन्हा नाल्याकडे बघत बसलो होतो. पूर्वी मला कोणी झोपेतून उठवून हे विचारलं असतं, तरी मी सांगितलं असतं. सून माझ्या तोंडाकडे बघत होती. ती मला कोंडीत पकडत नव्हती. तिला खरंच महिना हवा होता आणि तो मला ठाऊक असेल, असा तिचा भरवसा होता.

मी बाळाला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.

"नको येऊ, बाई," मी म्हणाले.